हार्डली, बट डेली

इंग्रज माणसाच्या प्रामाणिकपणाबद्दल माझ्या मनात जी शंका आहे, ती इतिहासाच्या पुस्तकामुळे आलेली नाही. व्याकरणाच्या पुस्तकामुळे आली आहे. इतिहासात त्याने जे केलं ते निदान उघड उघड केलं. तोफा आणल्या, तह केले, तह मोडले, कर बसवले. व्याकरणात मात्र त्याने गोड बोलून गळा कापला. ‘विशेषणाच्या शेवटी एल-वाय लावा, की झालं क्रियाविशेषण!’ असं त्याने आपल्याला सांगितलं आणि आपण भाबडी माणसं, आपण त्यावर विश्वास ठेवला. स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली, ब्रेव्हचं ब्रेव्हली. वा! मराठीत असला घाऊक कारखाना कुठे आहे? आपल्याकडे ‘हळू’ वेगळं, ‘पटकन’ वेगळं, ‘शूरपणे’ आणखी वेगळं. इंग्रजीत एक शेपूट घेतलं की कुठल्याही शब्दाला लावून मोकळं!

मराठी शाळेतल्या पोरांना हा नियम इतका आवडला, की त्यांनी तो इंग्रजांनाही सुचला नसता तिथपर्यंत नेला. आमच्या वर्गात एकदा सरांनी एल-वायने संपणारी पाच क्रियाविशेषणं लिहायला सांगितली. माझ्या शेजारच्या पोराने बिनदिक्कत लिहिलं : बोरिवली, कांदिवली, डोंबिवली, फॅमिली आणि इडली. सरांनी त्याला उभं केलं.

“काय रे, बोरिवली हे क्रियाविशेषण कसं?”

“सर, गाडी कुठे जाते? बोरिवली. म्हणजे स्थलवाचक.”

सर क्षणभर विचारात पडले. त्यांनी त्या पोराला मारलं, हे त्या काळच्या पद्धतीला धरूनच झालं; पण मारण्यापूर्वी ते विचारात पडले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ‘आणि इडली?’ असं विचारायचं त्यांना धैर्य झालं नाही. खाण्याची रीत दाखवते म्हणून रीतिवाचक, असं उत्तर त्याच्याकडे तयार होतं, हे त्याने मधल्या सुट्टीत सांगितलं.

खरी गोम पुढे आहे. काही इंग्रजी शब्द असे आहेत, की ते शेपटाशिवायही क्रियाविशेषण असतात आणि शेपूट लावलं की त्यांचा अर्थच फिरतो. ‘लेट’ म्हणजे उशिरा आणि ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘निअर’ म्हणजे जवळ आणि ‘निअरली’ म्हणजे जवळजवळ. ‘शॉर्ट’ म्हणजे आखूड, अपुरं किंवा मध्येच तोडून. ‘शॉर्टली’ म्हणजे लवकरच. ‘जस्ट’ म्हणजे आत्ताच, ‘जस्टली’ म्हणजे न्यायाने. जुळ्या भावांपैकी एक कीर्तनकार निघावा आणि दुसरा मटक्याचे आकडे घेणारा, तशी ही मंडळी. चेहरा तोच, धंदा वेगळा.

उपनगरातल्या माणसाला हे फरक समजावून द्यायला व्याकरणाच्या पुस्तकाची गरज नाही. त्याला लोकल पुरते. तुम्ही फलाटावर गाडीजवळ उभे असता तेव्हा तुम्ही ‘निअर’ असता. दार धरेपर्यंत गाडी सुटते तेव्हा तुम्हाला ती ‘निअरली’ मिळालेली असते. जी गाडी चुकली ती ‘जस्ट’ गेली. आणि तुम्ही घरून निघताना चहाचा दुसरा कप घेतला असेल तर ती ‘जस्टली’ही गेली. पुढची गाडी शॉर्टली येणार, असं कर्ण्यातून सांगतात. ‘शॉर्टली’ म्हणजे नेमकं किती, हे सांगत नाहीत. ‘लेट’ आणि ‘लेटली’ यांच्या बाबतीत तर मध्य रेल्वेच्या प्रवाशाची अवस्था फार नाजूक आहे. गाडी लेट आली म्हणावं की लेटली? अलीकडे ती उशिराच येते; तेव्हा दोन्ही बरोबर! इंग्रजीत नावाआधी ‘लेट’ लावलं की माणूस कैलासवासी होतो, ही आणखी एक भानगड. आयुष्यभर ऑफिसात रोज लेट झालेला माणूस शेवटी कायमचा लेट होतो, आणि त्या दिवशी मात्र कुणी लाल शाईने फुली मारत नाही.

पण या सगळ्या जोड्यांचा राजा म्हणजे ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो फार कष्ट करतो. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो काम करतच नाही म्हटलं तरी चालेल. दोन अक्षरांचा फरक, आणि घाण्याचा बैल एकदम पोळ्याचा बैल होतो! माणसाच्या पोटावर पाय देणारी अशी दोन अक्षरं दुसऱ्या कुठल्या भाषेत असतील असं मला वाटत नाही.

आणि हे दोन शब्द नेमके आपल्यालाच का चकवतात? त्याचं कारण आपल्या मराठीत आहे. ‘मुश्किल’ म्हणजे कठीण, म्हणजेच हार्ड. त्याला आपण शेपूट लावलं : ‘मुश्किलीने’. आता हा ‘मुश्किलीने’ आपण कसा वापरतो पाहा. ‘मोठ्या मुश्किलीने जागा मिळाली’, म्हणजे कष्टाने, धडपडून मिळाली. ‘सभेला मुश्किलीने दहा माणसं होती’, म्हणजे जेमतेम होती. एकच शब्द, आणि त्यात कष्टही आहेत आणि जेमतेमपणाही. ‘कसंबसं’ हा शब्दही तसाच. ‘कसंबसं ऑफिस गाठलं’ म्हणताना धाप पण आली, आणि थोडक्यात वेळ सांभाळल्याचं समाधानही आलं. मराठी माणसाच्या आयुष्यात या दोन गोष्टी अलग नव्हत्याच. जे मिळालं ते कष्टाने मिळालं आणि जेमतेम मिळालं. इंग्रजांनी त्या दोन गोष्टींसाठी दोन शब्द ठेवले, कारण त्यांना दोन वेगवेगळ्या प्रकारची माणसं ठाऊक होती. कष्ट करणारी वेगळी आणि भरपूर मिळवणारी वेगळी.

या दोन अक्षरांची आमच्या घराशी जी गाठ पडली, ती १९७४ साली. तेव्हा आम्ही घाटकोपरला चाळीत राहत होतो आणि मी नववीत होतो. आमचे अण्णा फोर्टातल्या एका खाजगी कंपनीत कारकून होते. १९५२ साली ते तिथे चिकटले, आणि ‘चिकटले’ हाच शब्द खरा, कारण बावीस वर्षांत ते त्या खुर्चीवरून ना वर सरकले ना बाजूला. वर एक सीनियर क्लार्कची जागा रिकामी होत होती. लोकांनी सांगितलं, ‘अर्ज करा.’ अण्णांचा स्वभाव अर्ज करणाऱ्यातला नव्हता. पण त्या मे महिन्यात एक गोष्ट घडली आणि आपण अर्ज करण्याइतके मोठे झालो असं त्यांना वाटू लागलं.

ती गोष्ट म्हणजे रेल्वेचा संप. ८ मे १९७४ ला सुरू झाला आणि २७ मे रोजी मागे घेतला गेला. ते वीस दिवस उपनगरातल्या चाकरमान्यांनी कसे काढले, ते ज्याचं त्याला माहीत. गाडी आली तर आली. तिच्यात पाय ठेवायला मिळाला तर मिळाला. अण्णा पहाटे साडेपाचला निघत. गाडीचं लक्षण दिसलं नाही तर बस. बसला लोंबकळायलाही दांडी नसेल तर शीवपर्यंत चालत, आणि पुढे मिळेल ती बेस्टची गाडी. संध्याकाळी हाच कार्यक्रम उलटा. चपलेचा अंगठा दोनदा तुटला. पण हजेरीपटावर वीस दिवसांत एकही फुली नाही! अण्णांना त्याचा केवढा अभिमान! लढाईवरून परतलेल्या माणसाने छातीवरचं पदक दाखवावं, तशी ती तुटकी चप्पल त्यांनी कितीतरी दिवस दाराशी ठेवली होती.

तर जूनमध्ये अर्ज लिहिला गेला. अण्णांनी तो स्वतः, कुणाला न दाखवता, इंग्रजीत लिहिला. रात्री दहा ते बारा, कंदिलासारख्या पिवळ्या बल्बखाली, तीन रात्री. खाली कार्बन घातला होता म्हणून त्याची निळी नक्कल आमच्याकडे राहिली. त्यातली मुख्य दोन वाक्यं आज मला तोंडपाठ आहेत. पहिलं : ‘आय हॅव वर्क्ड हार्डली इन धिस कंपनी फॉर ट्वेंटी-टू इयर्स.’ आणि दुसरं : ‘ड्यूरिंग द रेल्वे स्ट्राइक आय रीच्ड ऑफिस हार्डली, बट डेली.’

हार्डली, बट डेली! अहो, काय वाक्य आहे! त्यात यमक आहे, जोर आहे, वीस दिवसांचा घाम आहे. मुश्किलीने, पण रोज! उपनगरातल्या समस्त नोकरदारांचं बोधवाक्य म्हणून ते प्रत्येक स्टेशनच्या कमानीवर कोरावं असं आहे. दुर्दैव एवढंच की साहेब कॉन्व्हेंटमध्ये शिकले होते.

आठ दिवसांनी अर्ज परत आला. त्यावर समासात, पहिल्या वाक्यासमोर, साहेबांनी लाल शाईने दोनच शब्द लिहिले होते : ‘आय अ‍ॅग्री.’ खाली सही.

आता तुम्हीच सांगा, बावीस वर्षं चाकरी केलेल्या माणसाच्या अर्जावर साहेब ‘मी सहमत आहे’ असं लिहितो, तेव्हा त्याने काय समजावं? अण्णा त्या संध्याकाळी अर्धा किलो पेढे घेऊन घरी आले. आईने ते देवापुढे ठेवले. चाळीत बारा बिऱ्हाडं होती. बाराही घरी मी पेढे वाटून आलो. ‘कशाबद्दल रे?’ असं प्रत्येकाने विचारलं आणि ‘अण्णांचं साहेबांनी मान्य केलं’ असं मी प्रत्येकाला सांगितलं. शेजारच्या काकूंनी तर आईला दुसऱ्याच दिवशी सुचवलं, “आता तुमच्याकडे फ्रीज येणार असेल तर आमच्या दुधाची पातेली ठेवत चला हो.”

ऑर्डर काही निघाली नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसातल्या स्टेनो बाईंना राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी अण्णांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’ यांतला फरक सांगितला. वरच्या मजल्यावर तो अर्ज किती टेबलं फिरला, हे त्यांनी सांगितलं नाही. पण ‘बट डेली’ हे शब्द कॅन्टीनच्या पोऱ्यालाही पाठ झाले आहेत, याचा अर्थ अण्णांना त्या दिवशी कळला. बावीस वर्षं काम केलं नाही अशी त्यांनी लेखी कबुली दिली होती, आणि साहेबांनी ती मंजूर केली होती!

घरी आल्यावर अण्णांनी आईला एवढंच सांगितलं, “त्या जागेवर बाहेरचा माणूस आणतायत म्हणे.” पाय धुतले, कपडे बदलले, आणि आमटीत मीठ कमी आहे असं म्हणाले. मीठ बरोबर होतं. आईने मुकाट्याने मिठाचा सट पुढे सरकवला.

दुसरा एखादा माणूस असता तर त्याने इंग्रजीचं नाव टाकलं असतं. अण्णांनी पगार झाल्यावर फोर्टातल्या पदपथावरून रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाची एक जुनी प्रत आणली. त्या पुस्तकाची पाठ गेलेली होती आणि आधीच्या मालकाने समासात एका मुलीचं चित्र काढलेलं होतं. पण क्रियाविशेषणांची पानं शाबूत होती. (यांतले रेनसाहेब, म्हणजे पी. सी. रेन, हे एकेकाळी इथल्या शिक्षणखात्यात नोकरी करून गेलेले गृहस्थ. पुढे त्यांनी १९२४ साली ‘बो जेस्ट’ नावाची फ्रेंच फॉरिन लीजनवरची कादंबरी लिहिली आणि ती खूप गाजली. ज्या माणसाने आपल्याला व्याकरण शिकवलं, त्याच्या डोक्यात सहाराचं वाळवंट होतं, हे कळल्यावर मला पुष्कळ गोष्टींचा उलगडा झाला.)

आणि पुढच्या रविवारपासून चाळीच्या गॅलरीत शिकवणी सुरू झाली. फी नाही, हजेरी सक्तीची. अण्णा फळ्यावर दोन रकाने पाडत. एकीकडे हार्ड, लेट, निअर, हाय. दुसरीकडे हार्डली, लेटली, निअरली, हायली. प्रत्येक पोराने दोन्ही रकान्यांतला एकेक शब्द घेऊन वाक्य करायचं, आणि ते वाक्य घाटकोपरचं पाहिजे. लंडनचा पाऊस आणि डॅफोडिलची फुलं चालायची नाहीत. त्यामुळे आमच्या चाळीत ‘द टॅप हार्डली गिव्ह्ज वॉटर’, ‘माय मदर पम्प्स द स्टोव्ह हार्ड’, ‘द रेशन शुगर केम लेट’ अशी जिवंत वाक्यं जन्माला आली. एका पोराने ‘माय फादर हार्डली बीट्स मी’ असं लिहिलं. अण्णांनी त्याच्या पाठीवरचे वळ पाहिले, ‘ली’ खोडला आणि संध्याकाळी त्याच्या बापाला भेटायला गेले. व्याकरणाचा इतका चांगला उपयोग झालेला मी पुन्हा पाहिला नाही.

या शिकवणीत कुणी चुकलं तर अण्णा रागावत नसत. एवढंच म्हणत, “अरे, वर्गात चुका. अर्जात नका चुकू.” हे ते इतक्या सहज म्हणत, की त्यांचा स्वतःचा अर्ज आम्हा पोरांपैकी कुणाच्याही डोक्यात आला नाही. मला तो कळला तो पुढे, ट्रंकेत निळी नक्कल सापडल्यावर, आईकडून. त्या गॅलरीतून पुढे दोघं बँकेत गेले, एक रेल्वेत गेला, एक मुलगी मास्तरीण झाली. यांतल्या कुणाच्याही अर्जात ‘हार्डली’ चुकीच्या जागी बसला नाही, हे मी छातीला हात लावून सांगतो. अण्णांना स्वतःला बढती मिळाली ती दोन वर्षांनी, नुसत्या सीनिऑरिटीने. तिच्यासाठी अर्ज करावा लागला नाही, हे बरंच झालं.

शिकलेल्या विद्येचा माणसाला कधी उपयोग होईल सांगता येत नाही. १९८३ साली अण्णा निवृत्त झाले आणि प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशात बसेल अशी जागा शोधत आम्ही मुलुंडला गेलो. मुलुंड पश्चिमेचे रस्ते सरळ आखलेले, पाच रस्त्याजवळ उभं राहिलं की गाव नीटनेटकं वाटतं. पण आमच्या बजेटची इमारत पाच रस्त्यावरून पुढे, त्याहून पुढे, आणि मग ‘जरा’ आत होती. बिल्डरचा माणूस सफारी घालून आला होता. तो म्हणाला, “काका, स्टेशनपासून हार्डली पाच मिनिटं!”

त्याने हा शब्द कुणापुढे उच्चारला होता, याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती. अण्णांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि काही न बोलता स्टेशनकडे चालू लागले. आम्ही मागे. स्टेशनच्या जिन्याला हात लावला, वळले आणि पुन्हा इमारतीपर्यंत चालत आले. घाम पुसला.

“एकोणीस मिनिटं,” अण्णा म्हणाले. “तुमचं ‘हार्डली’ बरोबर आहे. ‘पाच’ तेवढं चुकलंय.”

जागा आम्ही घेतली. एकोणीस मिनिटांच्या मानाने भाव बरा होता. आणि सफारीतल्या माणसाला तरी काय बोलायचं? मुंबईच्या उपनगरात ‘हार्डली’ हा आता इंग्रजी शब्दच राहिलेला नाही. ते अंतर मोजण्याचं माप आहे. मैल गेले, फर्लांग गेले, हार्डली राहिलं. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कुणालाही पत्ता विचारा. ‘हार्डली दहा मिनिटं’ म्हणाला की पाण्याची बाटली बरोबर घ्यावी. लग्नाला ‘हार्डली पन्नास माणसं’ म्हणाले की पंगतीच्या तीन बाऱ्या होणार. ‘मुलाला हार्डली वेळ मिळतो’ म्हणजे तो फोन करत नाही. आणि ‘हार्डली खर्च आला’ म्हणजे किती आला हे तुम्ही विचारावं, अशी त्यांची इच्छा आहे. २०१४ च्या जूनमध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपर ते अंधेरी हे सबंध दिवसाचं दुःख खरोखरच थोड्या मिनिटांवर आलं. पण मेट्रोच्या जिन्यापासून घरापर्यंतचं हार्डली अजून तेवढंच आहे. २०१७ च्या मे महिन्यापासून आपल्याकडे ‘महारेरा’ आली. आता बिल्डरला कार्पेट एरिया सांगावा लागतो, इंच इंच जागेचा हिशेब द्यावा लागतो. तो द्यावाच. पण हार्डलीचा हिशेब कुठल्या कायद्यात मागणार?

इकडे शिक्षणाचंही पुष्कळ पुढे गेलं. अण्णांच्या उमेदीच्या काळात, खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबई इलाख्यात इंग्रजी आठवीपासून शिकवायचं ठरवलं होतं. आमच्या वेळी ते पाचवीवर आलं. २००० सालापासून मराठी शाळांतही ते पहिलीपासून आलं. इंग्रजी अशी एकेक पायरी उतरत खाली आली आणि मराठी त्याच जिन्याने गच्चीवर गेली. माझा नातू इंग्रजी शाळेत जातो. तो मला म्हणतो, “आजोबा, मराठी इज व्हेरी हार्ड.” त्याची आई पाहुण्यांना कौतुकाने सांगते, “ही हार्डली स्पीक्स मराठी.” दोघांचंही व्याकरण बिनचूक आहे. अण्णांच्या गॅलरीत त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. फक्त अण्णांनी खडू खाली ठेवून काही वेळ गॅलरीबाहेर पाहिलं असतं, असं मला वाटतं.

या शब्दाची खरी जन्मकथा मला कळली ती फार उशिरा, २००५ साली, एका ग्रंथालयात मोठा इंग्रजी शब्दकोश चाळताना. जुन्या इंग्रजीत ‘हार्ड’ या विशेषणाचं क्रियाविशेषण करायला शेवटी नुसता ‘ए’ लावत. पुढे तो ‘ए’ बोलण्यातून गळाला आणि विशेषण नि क्रियाविशेषण दिसायला सारखंच झालं. ‘हार्डली’ हा त्याच घरातला दुसरा भाऊ. त्याचा अर्थ आधी ‘जोराने, नेटाने’ असा होता; मग ‘कष्टाने, मुश्किलीने’ असाही झाला. पण ते काम ‘हार्ड’च करू लागल्यावर हार्डली रिकामा बसला. आणि रिकामा बसलेला माणूस करतो तेच त्याने केलं, हळूहळू जेमतेमवर आला. शिवाय हे ‘ली’ शेपूट मुळात ज्या शब्दापासून आलं, त्याचा अर्थ म्हणे ‘देह’. शब्दाला देह चिकटला, की विकार आलेच!

आणि याहून मोठी गोष्ट अशी, की १६११ साली इंग्लंडच्या राजाच्या आज्ञेने जे बायबल छापलं गेलं, त्यात ‘हार्डली’ कष्टाच्या अर्थाने आहे. श्रीमंताला स्वर्गाच्या राज्यात शिरणं किती कठीण, हे जिथे येशू सांगतो, तिथे हा शब्द आहे. श्रीमंत मुश्किलीने आत जाईल, असा अर्थ. आणि लगेच पुढे सुईच्या नेढ्यातून जाणारा तो प्रसिद्ध उंट. घाटकोपरला सकाळी साडेआठला गाडीत शिरलेल्या कुठल्याही माणसाला हा उंट समजावून सांगावा लागणार नाही. तो तसाच शिरतो. हार्डली, बट डेली.

मी ताबडतोब घरी आलो. अण्णा तेव्हा ऐंशीचे होते. कानाला कमी ऐकू यायचं, पण व्याकरणाचं सगळं ऐकू यायचं. आई गेल्यापासून ते खिडकीशी बसून असत. मी त्यांना सगळं सांगितलं. तो ‘ए’, ते बायबल, तो श्रीमंत. अर्जाचं नाव आमच्या घरात एकतीस वर्षांत कुणी त्यांच्यासमोर काढलं नव्हतं. मीही काढलं नाही. पण ते ऐकता ऐकता ताठ बसले.

“म्हणजे,” ते म्हणाले, “कष्ट करून ऑफिस गाठलं, असं म्हणायचं असेल, तर ‘हार्डली’ बरोबर?”

“बरोबर होतं, अण्णा. राजाच्या इंग्रजीत बरोबर होतं.”

“साहेबांना हे माहीत नव्हतं?”

“नसणार. ते कॉन्व्हेंटचे.”

अण्णांनी खिडकीबाहेर पाहिलं. एकोणीस मिनिटांवरून एका लोकलचा भोंगा ऐकू आला. बोटांवर त्यांनी काहीतरी हिशेब केला.

“सोळाशे अकरा ते चौऱ्याहत्तर. तीनशे त्रेसष्ट वर्षं,” ते म्हणाले. “अर्ज पाठवायला उशीर झाला एवढंच. बाकी भाषा शुद्ध होती.”

“हो ना. जरा लेट झाला.”

“लेट,” अण्णा बोट वर करून म्हणाले. “लेटली नव्हे.”